पुरस्कार कुणाला? आधी सांगा, तपासलं कुणी

2008 च्या 26 मार्चला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या टर्मिनल 5 चं मूल्यांकन कुणी केलं असतं, तर गुण देताना हात आखडता घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. सुमारे 4.3 अब्ज पौंडांचं काम ठरल्या तारखेला, ठरल्या बजेटमध्ये उभं राहिलं होतं. जोखीम कंत्राटदाराच्या माथी न मारता मालकाने स्वतःकडे घ्यायची, अशा वेगळ्या धर्तीचा करार तिथे वापरला होता आणि बांधकाम व्यवसायात त्याची वाहवा चालू होती. राणीच्या हस्ते उद्‌घाटनही उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रवासी आले. कर्मचाऱ्यांना आपल्या गाड्या कुठे लावायच्या ते कळेना, काहींना सामानाच्या यंत्रणेत लॉग-इन करता येईना, सामानाचे पट्टे तुंबले. पुढच्या काही दिवसांत 500 हून अधिक उड्डाणं रद्द झाली आणि सुमारे 42,000 बॅगा आपल्या मालकांबरोबर प्रवास करू शकल्या नाहीत.

मग हा प्रकल्प उत्कृष्ट होता की फसलेला? बांधकामाच्या बाजूने बघणारा म्हणेल, एवढी मोठी इमारत वेळेत उभी राहिली, आणखी काय हवं? बॅग हरवलेला प्रवासी 'उत्कृष्ट' या शब्दालाच हसेल. ब्रिटिश संसदेच्या समितीने नंतर बोट ठेवलं ते कर्मचाऱ्यांच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर, यंत्रणेच्या अपुऱ्या चाचण्यांवर आणि विमानतळाची मालक कंपनी व विमान कंपनी यांच्यातल्या विसंवादावर. यातलं काहीच भिंती बघून कळणारं नव्हतं. 26 मार्चला आलेल्या तपासनिसाने 'उद्या सकाळी जे लोक या पट्ट्यांपाशी उभे राहणार आहेत, त्यांच्यातल्या दोघांशी बोलता येईल का?' असं विचारलं असतं की नाही, यावर त्याच्या अहवालाची किंमत ठरली असती. असा प्रश्न हुशार माणसाला आपोआप सुचतो, हा भ्रम आहे. तो शिकवावा लागतो आणि घोटून घ्यावा लागतो.

प्रकल्प व्यवस्थापनाचे पुरस्कार आज जगभर दिले जातात. आंतरराष्ट्रीय संघटना देतात, देशोदेशीच्या राष्ट्रीय संस्था देतात, आणि समारंभाचं तिकीट विकून पैसे कमावणाऱ्या आयोजन-कंपन्याही देतात. धरण, रुग्णालय, रेल्वे, कर भरण्याची संगणक-व्यवस्था अशा लोकांच्या पैशांतून झालेल्या कामांनाही ते मिळतात. पुढे तोच पुरस्कार नव्या निविदेच्या पहिल्या पानावर झळकतो, मंत्र्याच्या भाषणात येतो, एखाद्या कंत्राटदाराची पत वाढवतो. त्यामुळे हा व्यवस्थापन क्षेत्रातल्या मंडळींचा घरगुती मामला राहिलेला नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्या पुरस्कारामागे प्रशिक्षित मूल्यांकक नाहीत, ती जाहिरात आहे. आणि मूल्यांकक प्रशिक्षित असूनही त्यांनी नोंदवलेली कारणं कुणालाच वाचायला मिळत नसतील, तर काम अर्ध्यावर सोडलेलं आहे. पहिल्या भागाला बहुतेक जण मान डोलावतात. दुसऱ्या भागावरून या क्षेत्रातले माझे स्नेहीच माझ्याशी वाद घालतात.

मूल्यांककांकडून गुण देऊन पुरस्कार ठरवण्याच्या पद्धतीचा वंशवृक्ष बघण्यासारखा आहे. जपानमध्ये 1951 मध्ये गुणवत्तेसाठीचा डेमिंग पुरस्कार सुरू झाला. अमेरिकेने 1987 मध्ये चक्क कायदा करून माल्कम बाल्ड्रिज यांच्या नावाचा राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार स्थापन केला. त्यात 1000 गुणांची चौकट आली, आणि प्रत्येक अर्जदाराला, हरलेल्यालाही, लेखी अभिप्राय-अहवाल द्यायची रीत आली. युरोपात ईएफक्यूएम या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या संस्थेने आपलं प्रारूप तयार केलं. पण हे सगळे पुरस्कार कायम चालू असणाऱ्या संस्थांसाठी होते. प्रकल्पाचं तसं नसतं. तो सुरू होतो, संपतो, माणसं पांगतात. जर्मनीतल्या प्रकल्प व्यवस्थापन संघटनेने 1990 च्या दशकात ईएफक्यूएमची चौकट प्रकल्पाच्या मापाची करून घेतली. पुढे आयपीएमए या प्रकल्प व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तीच आपल्या जागतिक पुरस्कारासाठी उचलली. त्या जुन्या प्रारूपात 1000 पैकी 500 गुण काम कसं चालवलं याला होते आणि 500 काय हाती लागलं याला. हाती लागलेल्यातही ग्राहकाच्या समाधानाला 180 गुण होते आणि उद्दिष्टं किती गाठली यालाही तेवढेच. 2016 मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत मांडणी बदलली. माणसं आणि उद्देश, प्रक्रिया आणि संसाधनं, प्रकल्पाचे परिणाम असे तीन भाग झाले. काम कसं चालवलं आणि काय हाती लागलं हे वेगवेगळं मोजायचं, हा जुन्या वाटणीमागचा विचार मात्र टिकला.

तो विचार मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपली बुद्धी त्याच्या विरुद्ध चालते. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं उदाहरण घ्या. 1957 मध्ये आराखडा निवडला तेव्हाचा अंदाज सुमारे 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता आणि इमारत 1963 मध्ये पुरी व्हायची होती. झाली 1973 मध्ये, 10 कोटी 20 लाखांना. नकाशे तयार नसताना राजकीय घाईने काम सुरू करण्यात आलं, वास्तुविशारद योर्न उत्झोन 1966 मध्ये काम सोडून गेले. आणि 2007 मध्ये हीच वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बसली. आज तिच्यापुढे उभा राहिलेला माणूस म्हणतो, शेवटी झालं ना सुंदर, मग हिशोब कशाला? 1973 मधला करदाता उलट म्हणाला असता. मूल्यांककाला दोन्ही बाजू एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात. शिखरं देखणी आहेत म्हणून नियोजनाचे गुण वाढत नाहीत, आणि नियोजन गंडलं म्हणून वास्तूचं मोल कमी होत नाही. बोलायला सोपं आहे. एका हाताने एक रकाना भरताना दुसऱ्या रकान्याची सावली त्यावर पडू न देणं फार कठीण.

ही सावली किती गडद असते, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवून दिलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले शेरे त्याने तपासले. ते एकमेकांशी संशयास्पद वाटावेत इतके जुळत होते. एक गोष्ट आवडली की बाकीच्या गोष्टींचेही गुण वर चढत होते. प्रकल्पाच्या बाबतीत तर हे सर्रास घडतं. अर्जाची मांडणी नेटकी, छायाचित्रं सुरेख, प्रकल्प-व्यवस्थापक बोलायला मोकळा आणि हजरजबाबी, की जोखीम-व्यवस्थापनालाही गुण पडतात. त्या जोखीम-व्यवस्थापनाबद्दल त्याने प्रत्यक्षात काहीच दाखवलेलं नसतं.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात बहुतेक ठिकाणी एका काल्पनिक अर्जाने होते. सगळ्या प्रशिक्षणार्थींना तोच मजकूर, तेच निकष. प्रत्येकाने एकट्याने वाचायचं, बलस्थानं आणि सुधारणेच्या जागा लिहायच्या, गुण द्यायचे. मग सगळ्यांचे गुण फळ्यावर मांडले जातात आणि खोलीत अस्वस्थता पसरते. एकाच परिच्छेदाला कुणी 30 टक्के दिलेले असतात, कुणी 75. दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक. तो फळा बघितल्यावर 'आमचं परीक्षक मंडळ नामवंतांचं आहे' या वाक्याने कुणी दिपून जाणार नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन-स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा चाखायला लावली होती. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीतले गुण देऊ शकणारे परीक्षक जेमतेम दहात एक होते. ते सगळे आपापल्या क्षेत्रातले जाणकार होते. जाणकारी आणि मोजमापातलं सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी सरावानेच येते.

सराव कशाचा, तर मुख्यतः एका प्रश्नमालिकेचा. तुम्ही काय करायचं ठरवलं होतं आणि का? ते खरोखर सगळीकडे झालं का? त्याचा उपयोग होतोय हे कशावरून ठरवलं? आणि ते कळल्यावर काय बदललं? वेगवेगळ्या प्रारूपांत याला वेगवेगळी नावं आहेत, पण गाभा हाच. समजा, अर्जदाराने शेकडो ओळींचं रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची नोंदवही, दाखवलं. अप्रशिक्षित परीक्षक त्याच्या जाडीवर खूश होतो. प्रशिक्षित माणूस तारखा बघतो. शेवटची नोंद कधीची? मधल्या चार महिन्यांत काहीच कसं नाही? यातल्या कोणत्या जोखमीमुळे खरोखर एखादा निर्णय फिरवला, पैसे बाजूला काढले, पुरवठादार बदलला? अशी एकही ओळ सापडली नाही तर ते रजिस्टर लेखापरीक्षकाला दाखवण्यासाठी ठेवलेलं असतं. उलट एखाद्या छोट्या प्रकल्पात दहा-बारा ओळींचा कागद निघतो, कोपरे मुडपलेला, पेनाने खाडाखोड केलेला. प्रत्येक खाडाखोडीमागे एक गोष्ट असते आणि ती सांगायला तिथला माणूस उत्सुक असतो. गुण तिथे आहेत.

यापुढचा टप्पा सगळ्यात जड जातो तो ज्येष्ठांना. मूल्यांकक म्हणून येणारी मंडळी बहुधा स्वतः मोठे प्रकल्प चालवलेली असतात. त्यांच्याकडे वीस-वीस वर्षांचा अनुभव असतो आणि त्या अनुभवाला एक वाक्य चिकटलेलं असतं: 'मी असतो तर असं केलं असतं.' मूल्यांकनात या वाक्याला जागा नाही. अर्जदाराने ठरवलेला मार्ग तुमच्या आवडीचा आहे का, हा प्रश्नच नसतो. त्याच्या परिस्थितीला तो साजेसा होता का, विचारपूर्वक निवडला होता का, आणि फळला का, एवढंच विचारायचं असतं. ज्याने आयुष्यभर तपशीलवार वेळापत्रकांवर इमारती बांधल्या, त्याला दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालणारा सॉफ्टवेअर प्रकल्प बेशिस्त वाटतो. सॉफ्टवेअरवाल्याला बांधकामाचं वेळापत्रक हटवादी वाटतं. दोघांनाही आपल्या घराबाहेर उभं राहून बघायला शिकवणं, यात प्रशिक्षकाचा निम्मा घाम जातो. काहींना ते जमतच नाही. अशांना नम्रपणे परत पाठवण्याची हिंमत संस्थेत हवी, आणि ती फार कमी ठिकाणी दिसते. नामवंत माणसाला 'तुमचं मूल्यांकन बसत नाही' असं सांगायचं कुणी?

याची दुसरी बाजूही आहे. आपल्याच क्षेत्रातला प्रकल्प आला की मूल्यांकक हळवा होतो. परवानग्या किती अडतात, पुरवठादार कसे फसवतात, हे त्याला ठाऊक असतं. मग तो मनातल्या मनात अर्जदाराच्या वतीने सबबी रचतो आणि गुण देतो. म्हणून चांगल्या गटात एखादा तरी माणूस त्या क्षेत्राबाहेरचा असतो. 'हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं का?' हा भाबडा प्रश्न तोच विचारू शकतो.

लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण मूल्यांककाचं खरं उत्पादन ते आहे. गुणांचा आकडा जिंकणं-हरणं ठरवतो आणि मग निकामी होतो. अहवालातली वाक्यं मात्र त्या संघाच्या कामी येऊ शकतात. पण कशी वाक्यं? 'हितसंबंधी गटांशी संवाद चांगला होता, मात्र त्यात सुधारणेला वाव आहे.' असल्या वाक्यांनी अहवालच्या अहवाल भरलेले असतात. हे वाक्य जगातल्या कोणत्याही प्रकल्पाला, किंबहुना कोणत्याही संसाराला लागू पडेल. आता हे बघा: 'परिसरातल्या रहिवाशांसाठी दरमहा बैठक होत होती व तिच्या नोंदी उपलब्ध आहेत. मात्र रात्रपाळीच्या आवाजाबद्दलची तक्रार सलग तीन बैठकांत आली, तरी तिच्यावर कुणी काय करायचं हे नोंदींत दिसत नाही.' यात पुरावा आहे, उणीव आहे, आणि उपाय न सांगताही तो कुठे शोधायचा ते आहे. उपाय सांगायचा नाही, ही शिस्त पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. पण मूल्यांकक सल्ला देऊ लागला की तो सल्लागार होतो, आणि सल्लागाराला आपला सल्ला विकायचा असतो. वर दिलेलं दुसरं वाक्य लिहायला पहिल्याच्या पाचपट वेळ लागतो. त्यासाठी तीन महिन्यांच्या नोंदी खरोखर वाचाव्या लागतात.

मग येते प्रत्यक्ष भेट. इथे नाटक असतं, हे गृहीत धरूनच जावं. सादरीकरणाची तालीम झालेली असते, भिंतींवर ताजे तक्ते लागलेले असतात, उत्तरं देणारी माणसं निवडलेली असतात. त्यात अर्जदाराची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या कामाचा अभिमान असलेला कुणीही तेच करेल. मूल्यांककाने नाटक बघावं आणि मग पडद्यामागे जावं. साहेब खोलीत असताना कनिष्ठ अभियंत्याला प्रश्न विचारून काही मिळत नाही, म्हणून साहेबांना बाहेर थांबण्याची विनंती करता आली पाहिजे, आणि तीही कुणाचा अपमान न होता. प्रकल्प मध्येच सोडून गेलेल्या एखाद्याशी बोलायची मागणी करावी. पुरवठादाराला विचारावं, बिलं किती दिवसांत निघत होती. वापरकर्त्याला विचारावं, पहिल्या आठवड्यात काय झालं. एखाद्या फाइलचं नाव आयत्या वेळी सांगून ती मागवावी आणि ती किती वेळात येते ते बघावं. दहा मिनिटांत आली तर दस्तऐवज-व्यवस्थेबद्दल पानभर मजकूर वाचायची गरज उरत नाही. भेटवस्तू घेऊ नये. जेवण साधं असावं.

भेट झाल्यावर गटाने एकमताला यायचं असतं. बाहेरच्यांना वाटतं, पाच जणांचे गुण मिळवून पाचाने भागले की झालं. फिगर स्केटिंगसारख्या खेळात सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण काढून टाकून सरासरी घेतात, आणि काही मिनिटांत निकाल हवा असेल तर ते ठीक आहे. पण प्रकल्पाच्या मूल्यांकनात टोकाचा गुण हाच अनेकदा सर्वांत माहितीपूर्ण असतो. चौघांनी 60 दिले आणि एकीने 25, तर तिने काहीतरी वाचलेलं असण्याची शक्यता आहे जे चौघांच्या नजरेतून सुटलं. सरासरी ती माहिती गिळून टाकते. म्हणून चांगला प्रमुख मूल्यांकक टोकाच्या माणसाला आधी बोलायला लावतो, आणि 'मला वाटतं' ऐवजी 'कोणत्या पानावर' असं विचारतो. पुरावा दिसला तर चौघे खाली येतात, नसला तर ती वर येते. यात धोका असा की मोठ्या आवाजाचा किंवा मोठ्या हुद्द्याचा माणूस सगळ्यांना आपल्यामागे ओढून नेतो आणि त्याला एकमत म्हणतात. त्यावर उतारा एकच आहे: बैठकीआधी प्रत्येकाचे गुण आणि कारणं लेखी जमा झालेली असणं. नंतर कोण कशामुळे हलला हे त्यावरून दिसतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की नीट प्रशिक्षण दिलं की प्रश्न मिटला. तसं नाही. अमेरिकेतली वॉलेस कंपनी 1990 मध्ये बाल्ड्रिज पुरस्काराची मानकरी ठरली आणि 1992 मध्ये तिने दिवाळखोरी-संरक्षणासाठी अर्ज केला. फ्लोरिडा पॉवर अँड लाइट ही वीज कंपनी 1989 मध्ये डेमिंग पुरस्कार मिळवणारी जपानबाहेरची पहिली कंपनी ठरली. पण त्या वाटेवर कागदपत्रांचा आणि तपासण्यांचा एवढा डोलारा उभा राहिला होता की नव्या प्रमुखांनी लवकरच तो बराचसा मोडून टाकला. निकष माहीत असले की लोक निकषांसाठी काम करू लागतात. आज पुरस्काराचे अर्ज लिहून देणारे व्यावसायिक आहेत, आणि त्यातले काही कधीकाळी मूल्यांकक होते. काही जण मूल्यांककाचं प्रमाणपत्र मिळवतात तेच व्हिजिटिंग कार्डावर छापण्यासाठी. शिवाय अर्ज करतात तेच तपासले जातात. शहाणा पण अबोल प्रकल्प-व्यवस्थापक अर्जच करत नाही. समारंभाला पैसे देणारी कंपनी आणि अर्जदार कंपनी एकच असेल तर काय, याचं उत्तर अनेक आयोजक गोल फिरवतात. माझ्या मते तिथे उत्तर सरळ आहे: ज्या वर्षी पैसे दिले, त्या वर्षी अर्ज नाही.

बहुतेक मूल्यांकक हे काम विनामोबदला करतात. प्रवास-निवासाचा खर्च मिळतो, बाकी रजा त्यांची, रात्री त्यांच्या. याला सेवा म्हणून गौरवलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. पण फुकटच्या कामाची एक अडचण असते, जाब विचारता येत नाही. अहवाल उथळ आला तरी 'बिचाऱ्याने वेळ काढून केलंय' म्हणून तो पुढे सरकवला जातो. मानधन द्यावं की नाही यावर माझं मत अजून पक्कं नाही. पैसे आले की वेगळ्या तऱ्हेची माणसं येतात, हेही दिसतं. मात्र प्रत्येक अहवाल अर्जदाराला देण्यापूर्वी दुसऱ्या गटातल्या कुणीतरी वाक्यागणिक तपासावा आणि त्या तपासणीवर पुढच्या वर्षीची निवड अवलंबून असावी, एवढी अट फुकटच्या कामालाही घालता येते.

आता वादाचा मुद्दा. अर्जदाराशी केलेल्या करारात गोपनीयता असते आणि मूल्यांकनाच्या काळात ती हवीच. तिच्याशिवाय कुणी आपल्या चुकांची फाइल उघडणार नाही. पण सार्वजनिक पैशांतून झालेल्या प्रकल्पाला पुरस्कार जाहीर झाल्यावर ते कुलूप कुणासाठी? लोकांना कळतं ते एवढंच: नाव, पदक, हसरा फोटो. अमुक प्रकल्पाने नेमकं काय वेगळं केलं, कुठे तो कमी पडला, मूल्यांककांनी कशाला किती महत्त्व दिलं, यातलं काहीच बाहेर येत नाही. बाल्ड्रिजची योजना आखताना विजेत्यांनी आपली कार्यपद्धती इतरांना सांगावी ही अपेक्षा मुळातच ठेवली होती. व्यावसायिक गुपितं वगळून, पण सांगावी. प्रकल्पांच्या पुरस्कारांनी याच्या एक पाऊल पुढे जावं असं मला वाटतं. सार्वजनिक निधीच्या प्रकल्पाचा पूर्ण अभिप्राय-अहवाल, बलस्थानांसकट आणि उणिवांसकट, पुरस्कारानंतर वर्षभरात प्रसिद्ध व्हावा, आणि त्याखाली मूल्यांककांची नावं असावीत.

नावांवरच सगळ्यात जास्त आक्षेप येतो. नाव उघड होणार म्हटल्यावर मूल्यांकक मऊ लिहील, असं म्हणतात. फिगर स्केटिंगने हाच विचार करून बघितला आहे. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधल्या गुणदानाच्या घोटाळ्यानंतर त्यांनी पद्धत बदलली, आणि दबाव येऊ नये म्हणून कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे झाकून ठेवलं. त्याने संशय कमी होण्याऐवजी वाढला, कारण आता जबाबदार कुणालाच धरता येईना. 2016 मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते आवरण काढून टाकलं. मऊ लिहिण्याचा धोका आहे, पण तो आजही आहेच. फरक इतकाच की आज मऊ लिहिलेलं कुणी वाचत नाही. वाचलं जाणार असेल तर 'सुधारणेला वाव आहे' असं लिहिणाऱ्याला त्याचे समव्यावसायिक विचारतील, कुठे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग कुणी अर्जच करणार नाही. काही जण नक्कीच करणार नाहीत. उणिवांसह छापलं जायला तयार नसलेल्या सार्वजनिक प्रकल्पाला उत्कृष्टतेचं पदक का द्यावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. खासगी कंपन्यांनी गोपनीयता ठेवावी, त्यांचा पैसा त्यांचा. त्यांच्यासाठी संक्षिप्त सारांश पुरे. तिसरी अडचण कायद्याची. प्रसिद्ध झालेल्या वाक्यावरून एखादा कंत्राटदार कोर्टात जाऊ शकतो. ही भीती खरी आहे. म्हणून मसुदा आधी अर्जदाराला दाखवावा, तथ्यांच्या चुका दुरुस्त करायला मुदत द्यावी, आणि मतभेद उरला तर त्याचं म्हणणं अहवालाच्या शेवटी जसंच्या तसं छापावं. लेखापरीक्षणाच्या अहवालांत अशी पद्धत अनेक देशांत रुळलेली आहे.

आणि वेळ. प्रकल्प संपल्या-संपल्या त्याला पुरस्कार द्यायची घाई असते, कारण संघ अजून एकत्र असतो आणि फोटो ताजे असतात. टर्मिनल 5 च्या 26 मार्चला आणि 28 मार्चला केलेली मूल्यांकनं वेगळी आली असती, आणि दहा वर्षांनी केलेलं त्याहून वेगळं. सार्वजनिक प्रकल्पांसाठी अर्जाची पात्रताच वापर सुरू झाल्यापासून किमान एक वर्षाने धरावी. संघ पांगलेला असेल, माणसं शोधावी लागतील, मूल्यांककांचं काम वाढेल. पण 180 गुण ज्या ग्राहकाच्या नावे ठेवले होते, त्याला तोवर सांगण्यासारखं काहीतरी असेल.